मेंदूबद्दल कोकणातल्या दवाखान्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉक्टर दिसला की लोक मेंदूबद्दल विचारतातच. दवाखान्यात विचारतात, शाळेच्या आरोग्य शिबिरात विचारतात, गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाची वाटी हातात असतानाही विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. मेंदूत कुठली जागा कुठलं काम करते हे थोडं जरी ठाऊक असलं, तर घरात कुणाला अचानक काही झाल्यावर “डोक्यात काहीतरी झालंय” याच्यापुढे चार शब्द जास्त सांगता येतात. आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावांत, जिथून मोठं रुग्णालय घाटापलीकडे किंवा गोव्यात असतं, तिथे त्या चार शब्दांवर बरंच काही ठरतं.

मेंदू दिसतो कसा? शहाळ्यासारखा असतो म्हणतात, ते खरं का?

काही अंशी खरं आहे. बाहेर करवंटीसारखी कवटी आणि आत मलईसारखा मऊ ऐवज. मोठ्या माणसाच्या मेंदूचं वजन साधारण १.३ ते १.४ किलो भरतं. तो इतका मऊ असतो की ताटात नुसता ठेवला तर स्वतःच्याच वजनाने बसायला लागतो. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये तीन आवरणं असतात. बाहेरचं जाड आणि चिवट, मधलं कोळ्याच्या जाळ्यासारखं विरळ, आणि आतलं अगदी पातळ, मेंदूच्या प्रत्येक घडीला चिकटलेलं.

पाण्याच्या बाबतीत मात्र शहाळं आणि मेंदू यांचं जमत नाही. शहाळ्यात पाणी मधोमध असतं. मेंदूचं पाणी, म्हणजे मस्तिष्क-मेरुद्रव, आतल्या चार पोकळ्यांतही असतं आणि बाहेरून चारी बाजूंनीही. कोणत्याही वेळी ते १५० मिलिलिटरच्या आसपास असतं, पण दिवसभरात जवळजवळ अर्धा लिटर नवं तयार होतं आणि तेवढंच रक्तात शोषलं जातं. मेंदू त्यात तरंगतो, त्यामुळे कवटीच्या तळावर त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅमचा पडतो. या पाण्याची वाट कुठे अडली की ते साठत जातं. तान्ह्या बाळाचं डोकं भराभर मोठं होऊ लागतं, त्याला लोक “डोक्यात पाणी झालं” म्हणतात. तो दोष पाणी पिण्याचा नाही की बाळाला वारं लागल्याचा नाही. त्यावर शस्त्रक्रिया आहे आणि ती जितकी लवकर होईल तितकी बरी.

मुख्य भाग किती आणि कुणाचं काम काय?

ढोबळ तीन: मोठा मेंदू, लहान मेंदू आणि मस्तिष्कस्तंभ.

मोठा मेंदू, म्हणजे पाठ्यपुस्तकातला प्रमस्तिष्क, सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठा. त्याचे उजवा आणि डावा असे दोन गोलार्ध, आणि दोघांना जोडणारा तंतूंचा जाडजूड पट्टा. पृष्ठभागावर करड्या रंगाचा थर असतो, जाडी फक्त २ ते ४ मिलिमीटर. सगळा विचार, भाषा, ठरवून केलेली हालचाल या थरातून चालते. तो घड्या घालून बसवला आहे म्हणून कवटीत मावतो.

प्रत्येक गोलार्धाच्या चार पाळ्या. कपाळामागची पाळी बेत आखते, आवर घालते, हालचालीचा हुकूम सोडते. डोक्याच्या माथ्याकडची पाळी स्पर्श ओळखते आणि आपलं अंग कुठे आहे, वस्तू कुठे आहे याचा हिशेब ठेवते. कानशिलाजवळची ऐकते, शब्दांचा अर्थ लावते आणि आठवणी नोंदवते. मागची पाळी पाहते. डोळे पुढे असले तरी दिसतं ते मानेच्या वरच्या बाजूला, डोक्याच्या मागच्या भागात. म्हणून तिथे जबर मार लागला तर डोळे धडधाकट असूनही दिसेनासं होऊ शकतं.

मोठ्या मेंदूच्या पोटात खोलवर आणखी मंडळी आहेत. थॅलॅमस हे बहुतेक सगळ्या संवेदनांचं वाटप करणारं ठाणं. त्याच्या खाली हायपोथॅलॅमस. तो बोटाच्या पेराएवढा, पण तहान, भूक, अंगाचं तापमान, झोपेची वेळ सगळं त्याच्याकडे. मे महिन्यात आपल्याकडे घामाने अंग निथळतं, कारण घाम काढायचा हुकूम तो देत राहतो आणि हवेत इतका दमटपणा असतो की घाम सुकत नाही. हुकूम बरोबर असतो, हवा साथ देत नाही.

लहान मेंदू मागे खाली असतो आणि मस्तिष्कस्तंभ मेंदूला मणक्यातल्या मज्जारज्जूशी जोडतो. श्वास, हृदयाचे ठोके, गिळणं, जागं राहणं ही कामं या स्तंभात. अंगठ्याएवढी जागा, पण तिथे थोडं बिघडलं तरी जीवावर बेततं.

उजवा मेंदू डावं अंग चालवतो हे खरं?

खरं. हालचालीचे बहुतेक तंतू मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या टोकाला, लंबमज्जेत, एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात. म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली की उजवा हात-पाय लुळा पडतो.

“डाव्या मेंदूची माणसं हिशेबी, उजव्या मेंदूची कलावंत” हे मात्र सोडून द्या. दशावतारात रात्रभर उभं राहून उत्स्फूर्त संवाद म्हणणारा नट दोन्ही गोलार्ध वापरतो, आणि काजूचा हिशेब करणारा व्यापारीही.

अंगावरून वारं गेलं तर पहिल्या तासात काय करायचं?

हा प्रश्न बहुतेक वेळा दोन दिवस उशिरा विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगतो.

अंगावरून वारं जाणं म्हणजे पक्षाघात. वारं वगैरे काही अंगावरून जात नाही. मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा बंद पडलेला असतो. दहातल्या आठ वेळा रक्ताची गुठळी अडकलेली असते, उरलेल्या वेळी रक्तवाहिनी फुटलेली असते. मेंदू शरीराच्या वजनाच्या फक्त २ टक्के असला तरी सुमारे २० टक्के ऑक्सिजन तोच वापरतो, आणि साठवण त्याच्याकडे जवळजवळ नाहीच. त्यामुळे रक्त थांबलं की पेशी मिनिटामिनिटाला मरायला लागतात.

तीन गोष्टी पाहा. हसायला सांगा: तोंड एका बाजूला ओढलं जातं का? दोन्ही हात समोर धरायला सांगा: एक हात खाली घसरतो का? एखादं साधं वाक्य म्हणायला सांगा: जीभ जड होते का, भलतेच शब्द येतात का? तिन्हीतलं एकही असेल तर १०८ लावा किंवा मिळेल ती गाडी काढा. अचानक तोल जाणं, एका बाजूचं दिसेनासं होणं, आयुष्यात कधी झाली नाही इतकी भयंकर डोकेदुखी, हेही त्यातच धरा.

घड्याळ पाहा. “रुग्ण शेवटचा नीट कधी दिसला?” हा आमचा पहिला प्रश्न असतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते देण्याआधी सीटी स्कॅन करून आत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. काही रुग्णांमध्ये नळी घालून गुठळी बाहेर काढता येते. निवडक रुग्णांत त्याची मुदत २४ तासांपर्यंत जाते, पण ती सोय मोठ्या शहरातच. म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा: सीटी मशीन चालू आहे का, इंजेक्शन आहे का? दक्षिण सिंधुदुर्गातली माणसं गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात जातात, रत्नागिरीकडची कोल्हापूरला. पावसाळ्यात घाट बंद आहे हे अर्ध्या वाटेवर कळण्यापेक्षा अंगणात कळलेलं बरं.

काय करू नये? पाणी, चहा, गोळी तोंडात घालू नका, कारण गिळण्याचे स्नायू लुळे असतील तर ते फुप्फुसात जातं. कुणीतरी सांगितलं म्हणून ॲस्पिरिन देऊ नका, आत रक्तस्राव असेल तर घात होतो. कबुतराचं रक्त चोळणं किंवा पाजणं यात वेळ जातो, दुसरं काही होत नाही. देवाला गाऱ्हाणं जरूर घाला, पण ते घरी राहिलेल्यांनी घालावं. गाडी थांबवून नको.

आणि दहा मिनिटांत सगळं आपोआप बरं झालं तर? तर जास्त घाबरा. तो इशारा असतो. खऱ्या झटक्याचा धोका पुढच्या काही दिवसांत सगळ्यात जास्त असतो.

आमच्या काकांना बोलता येत नाही, पण सगळं कळतं. दुसऱ्या एकाला बोलता येतं, पण अर्थच लागत नाही. आजार एकच ना?

आजार एक, जागा वेगळ्या. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी अशा रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. त्याला “टॅन” एवढाच आवाज काढता यायचा, पण बोललेलं बऱ्यापैकी समजायचं. इजा डाव्या कपाळपाळीच्या खालच्या मागच्या भागात होती. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकार मांडला. माणूस भराभर बोलतो, वाक्यांना लय असते, पण शब्द भलतेच, आणि समोरच्याचं त्याला कळत नाही. ती जागा डाव्या कानशिलाच्या पाळीत मागच्या बाजूला. उजव्या हाताने काम करणाऱ्या जवळजवळ सगळ्यांची आणि बऱ्याचशा डावखुऱ्यांचीही भाषा डाव्या गोलार्धात असते. म्हणून उजवं अंग गेलं की बरोबर वाचा जाण्याची शक्यता जास्त.

तुमच्या काकांशी ओरडून बोलू नका, त्यांना ऐकू येतं. होय-नाहीचे प्रश्न विचारा, उत्तराला वेळ द्या. ज्यांना बोलता येत नाही अशांपैकी काहींना आरती किंवा पाठ असलेलं भजन सुरात म्हणता येतं. घरच्यांना वाटतं हे सोंग आहे. सोंग नाही. पाठ असलेलं गाणं आणि नव्याने जुळवायचं वाक्य मेंदू वेगवेगळ्या वाटांनी काढतो.

उजव्या बाजूच्या इजेत होणारा एक प्रकार घरात लक्षात येत नाही म्हणून सांगतो. रुग्ण ताटातला उजव्या बाजूचा भात संपवतो आणि डावीकडचा तसाच ठेवतो. डाव्या गालाची दाढी करत नाही. डोळ्यांना दिसत असतं, पण डावी बाजू आहे याचंच भान गेलेलं असतं. सूनबाईंना वाटतं सासऱ्यांची भूक कमी झाली. ताट फिरवून पाहा.

दारू प्यायलेला माणूस झोकांड्या का खातो?

लहान मेंदूमुळे. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत, आणि त्यातल्या जवळपास ८० टक्के या मुठीएवढ्या भागात. हालचाल सुरू करणं याचं काम नाही. ती अचूक, वेळेवर आणि तोलाने होते की नाही हे पाहणं याचं काम. होडीच्या काठावर उभं राहून जाळं फेकणाऱ्याचा लहान मेंदू काय करत असेल ते बघण्यासारखं आहे. पायाखालची फळी हलतेय आणि हात ठरल्या जागी जाळं पसरतोय. माडी असो की काजूची दारू, ती या पेशींना सुस्त करते. वर्षानुवर्षं पिणाऱ्यांत हा भाग झिजतो आणि दारू सोडल्यावरही चाल पूर्ण सुधारतेच असं नाही. जेवण टाळून पिणाऱ्यांत ब-१ जीवनसत्त्व कमी पडतं. मग नजर गरगरते, चाल बिघडते, गोंधळ उडतो. हे लवकर ओळखून इंजेक्शन दिलं तर थांबतं, उशीर झाला तर आठवण कायमची जाते.

माडावरून किंवा दुचाकीवरून पडला, पण लगेच उठून बोलायला लागला. म्हणजे वाचला ना?

एवढ्यावर नाही सांगता येत. कानशिलाजवळ कवटी पातळ असते आणि तिच्या आतून एक रक्तवाहिनी जाते. तिथे तडा गेला तर कवटी आणि बाहेरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठतं. माणूस क्षणभर बेशुद्ध होतो, मग उठतो, “काय नाय झाला” म्हणत चहा पितो, आणि काही तासांनी डोकं दुखू लागतं, उलट्या होतात, झोप येते. कवटीला पसरायला जागा नसते, त्यामुळे साठलेलं रक्त मेंदूला खाली स्तंभाकडे दाबतं. या मधल्या बऱ्या वेळात रुग्णालयात पोहोचलेला माणूस शस्त्रक्रियेने पूर्ण बरा होऊ शकतो.

तेव्हा बेशुद्धी, पुन्हा पुन्हा उलट्या, वाढती डोकेदुखी, कानातून-नाकातून रक्त किंवा पाणी, एका डोळ्याची बाहुली मोठी, यातलं काहीही असेल तर झोपू द्यायचं नाही, न्यायचं. उचलताना मान वाकवू नका. वयस्कर माणसांत, विशेषतः रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर, असा स्राव हळूहळू आठवड्यांनीसुद्धा वर येतो. आणि हेल्मेट डोक्यावर घालायचं असतं, आरशाला अडकवायचं नसतं.

टाळू भरताना तेल मेंदूपर्यंत जातं का?

नाही. बाळाच्या कवटीची हाडं जन्मतः जुळलेली नसतात, कारण बाहेर येताना ती थोडी सरकावी लागतात आणि पुढे आत मेंदू झपाट्याने वाढायचा असतो. जन्मतः मेंदू ३५० ते ४०० ग्रॅमचा असतो. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते. ती आपली आपण भरते, खोबरेल तेलाने नाही. तिच्याखाली चिवट पडदा असतो, त्यामुळे हलक्या हाताने तेल लावलं तर इजाही होत नाही. आजीला थांबवायची गरज नाही, दाबू नये एवढंच सांगा.

आजीच्या हाताला मात्र एक गोष्ट डॉक्टरआधी कळते, ती शिकून घ्या. जुलाब-उलट्यांत टाळू खोल गेली तर बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालंय. बाळ शांत असताना, उभं धरलेलं असतानाही टाळू फुगलेली आणि ताठ लागली, सोबत ताप असेल, तर त्याच रात्री रुग्णालय.

मासे खाल्ले की बुद्धी वाढते का?

मेंदूच्या कोरड्या वजनात निम्म्याहून अधिक चरबी असते आणि त्यातला एक महत्त्वाचा घटक डीएचए हे मेदाम्ल. बांगडा आणि तारली यांत ते भरपूर. गरोदरपणी आणि बाळाच्या पहिल्या वर्षांत याचा उपयोग आहे. दहावीच्या आदल्या रात्री बांगडा खाऊन गणितं सुटत नाहीत. गरोदर बाईने मुशीसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत, त्यांत पारा साठतो.

मला जास्त काळजी मिठाची वाटते. गरोदरपणी आयोडीन कमी पडलं तर थायरॉइडचं संप्रेरक कमी पडतं आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. जगभरात टाळता येण्याजोग्या मतिमंदत्वाचं सगळ्यात मोठं कारण हेच. लोक म्हणतात, आम्ही समुद्राकाठचे, आम्हाला आयोडीन कशाला? समुद्राच्या पाण्यापासून केलेल्या मिठात नैसर्गिक आयोडीन फारच थोडं उरतं. शिरोड्याला १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, त्या मिठागरांच्या मिठाबद्दल आपल्याला प्रेम आहे, असावंही. पण ते जाडं मीठ लोणच्याला आणि मासे खारवायला ठेवा. रोजच्या जेवणात पुड्यातलं आयोडीनयुक्त मीठ, आणि तेही मोजूनच, कारण जास्त मिठाने रक्तदाब चढतो. अंगावरून वारं जाण्याचं पहिल्या क्रमांकाचं कारण तोच.

फिट आली की कांदा हुंगवायचा की चप्पल?

दोन्ही नको. फिट म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या एका गटात, किंवा सगळ्याच मेंदूत, विजेचे संदेश एकदम बेताल सुटणं. ती बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. कांदा तोपर्यंत पोहोचतो आणि श्रेय घेऊन जातो.

रुग्णाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, आसपासचा कोयता, चूल, दगड बाजूला करा. दातांत चमचा घालू नका. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांहून जास्त चालली किंवा शुद्ध न येता दुसरी आली तर गाडी. गोळ्या मधेच बंद करणं हे फिट परत येण्याचं नेहमीचं कारण. आणि डॉक्टर सांगेपर्यंत एकट्याने होडी घेऊन जाणं, माडावर चढणं, विहिरीवर पोहणं बंद.

फिटचं आणखी एक कारण मेंदूतला कृमी. “आम्ही शाकाहारी, मग मेंदूत कृमी कसा?” असं एका गुरुजींनी रागाने विचारलं होतं. पट्टकृमी ज्याच्या आतड्यात आहे अशा माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती मातीतून, पाण्यातून कोथिंबीर-मुळ्यावर येतात. त्यातली अळी मेंदूत जाऊन बसली की फिट येऊ शकते. भाजी नीट धुवा.

हात थरथरतो, कंपवात आहे म्हणाले. खाजकुयलीच्या बिया देऊ का?

मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या टोकाला काळसर पेशींचा एक पट्टा आहे. त्या डोपामाइन बनवतात आणि हालचाल सुरळीत ठेवतात. त्या मरायला लागल्या आणि जवळपास निम्म्या संपल्या की लक्षणं दिसतात: विश्रांतीत हात थरथरणं, चाल आखडणं, अक्षर बारीक होणं, चेहरा कोरा दिसणं. १८१७ मध्ये जेम्स पार्किन्सन यांनी याचं वर्णन केलं.

खाजकुयली, म्हणजे कपिकच्छू, आपल्या कुंपणावर पावसाळ्यात चढते आणि मुलांना खाजवून हैराण करते. तिच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा आहे, आणि कंपवाताच्या मुख्य गोळीतही तेच औषध आहे. पण बियांत ते किती आहे हे प्रत्येक वेलीला वेगळं. गोळी चालू असताना वरून बिया घेतल्या तर मात्रा चढते, भास होतात, रक्तदाब कोसळतो. आयुर्वेदाचं औषध घ्यायचं तर वैद्यांकडूनच घ्या, आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं माहीत असू द्या.

सापाचं किंवा विंचवाचं विष डोक्यात चढतं का?

मण्यार आणि नाग यांचं विष मेंदूला भिडत नाही. ते चेतातंतू आणि स्नायू जुळतात तिथे अडथळा आणतं. पापण्या पडतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. पण मेंदू जागा असतो, आणि हलता येत नसलेल्या रुग्णाला आजूबाजूचं सगळं ऐकू येत असतं. “आता काही खरं नाही” असं त्याच्या उशाशी बोलू नका. श्वसनयंत्रावर ठेवून अशी माणसं पूर्ण बरी झालेली आहेत. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखतही नाही. पहाटे पोटात दुखून पापण्या जड झाल्या तर तिचा संशय घ्या. फुरशाचं काम वेगळं, ते रक्त गोठू देत नाही, आणि क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो.

लाल विंचू स्वायत्त चेतासंस्थेला, म्हणजे आपल्या इच्छेविना हृदय आणि रक्तवाहिन्या चालवणाऱ्या जाळ्याला, बेफाम करतो. घाम फुटतो, हातपाय गार पडतात, फुप्फुसात पाणी भरतं. यावर प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध चालतं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्याच रुग्णांवर काम करून दाखवलं. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मेंदूपासून थोडं लांब गेलो, पण हे कोकणातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

आई विसरायला लागली आहे. वय झालं म्हणून सोडून द्यायचं?

एस्टीची वेळ विसरणं वेगळं, आणि थांब्यावरून घरी यायची नेहमीची वाट विसरणं वेगळं. दुसरं असेल तर म्हातारचळ म्हणून हसण्यावारी नेऊ नका.

कानशिलाच्या पाळीत आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा वळलेला भाग असतो. नवी आठवण आधी तिथे नोंदली जाते. अमेरिकेत १९५३ साली हेन्री मोलेसन या तरुणाची फिट थांबवण्यासाठी दोन्ही बाजूंचे हे भाग बऱ्याच अंशी काढून टाकले. त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याला रोज भेटणारे डॉक्टर नवेच वाटायचे. बालपण मात्र आठवत होतं, आणि हाताची नवी कौशल्यं तो शिकत होता, शिकल्याचं आठवत नसताना. अल्झायमरमध्ये हाच भाग सुरुवातीलाच खराब होतो. म्हणून आजीला १९६५ चं लग्न आठवतं आणि सकाळी घेतलेली गोळी आठवत नाही.

पण आधी रक्त तपासा. ब-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, यांनीही विसराळूपणा येतो आणि तो बरा होतो. कान तपासा. ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार?

सुक्या बोंबलाचा वास आला की मुंबईत गाव आठवतं. असं का?

बाकीच्या संवेदना थॅलॅमसमार्गे जातात. वास मात्र नाकामागून जवळजवळ थेट भावना आणि आठवण यांच्या भागांत पोहोचतो. शेजारी तक्रार करतात ती वेगळी.

आपण मेंदूचा १० टक्केच वापर करतो ना?

नाही. सगळा वापरतो, झोपेतसुद्धा.

वागणं एकदम बदललं. बाहेरचं आहे म्हणतात. मेंदूचं असू शकेल?

असू शकेल, आणि ते आधी पाहावं. १८४८ मध्ये अमेरिकेत व्हरमाँट राज्यात रेल्वेचं काम करणाऱ्या फिनियस गेज या मुकादमाच्या गालातून शिरलेली लोखंडी कांब डोक्यातून आरपार गेली. तो वाचला, चालत-बोलत राहिला, पण पुढची कपाळपाळी जखमी झाली आणि शांत, भरवशाचा माणूस उर्मट, लहरी झाला. पुढे काही वर्षांत तो बराचसा सावरला, चिलीमध्ये घोडागाडी हाकण्याची नोकरीही केली, ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

ताप आणि त्याबरोबर भ्रम असेल तर मेंदूज्वर, लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस), आणि दोडामार्ग-सावंतवाडी भागात जंगलात जाणं झालं असेल तर माकडतापही (जंगलातल्या गोचिडीतून येणारा) डोक्यात ठेवावा लागतो. माकडतापात बरं वाटून पुन्हा ताप उलटला की काही रुग्णांत डोकेदुखी, थरथर, गोंधळ दिसतो. ताप नसेल, पण आवाज ऐकू येत असतील, संशय वाढला असेल, झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फुकट बोलता येतं. कौल लावायचा असेल त्यांनी लावावा. गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याचं ऐकू नये.

शाळेच्या प्रकल्पासाठी खरा मेंदू बघायला मिळेल का?

मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून बकऱ्याचा भेजा अख्खा काढून मागा. थोडा वेळ उकळत्या पाण्यात ठेवला की घट्ट होतो आणि हाताळता येतो. वरच्या घड्या आपल्या मेंदूपेक्षा कमी दिसतील. मागे बारीक रेघांचा लहान मेंदू, त्याच्या पुढून खाली उतरणारा स्तंभ. पुढच्या टोकाला वासाचे दोन गोळे, आपल्या तुलनेत चांगले मोठे, पण काढताना तुटलेले नसतील तर. उलटा केलात की डोळ्यांच्या चेता एकमेकींना ओलांडतात ती फुलीसारखी खूण दिसेल. मधोमध उभा कापला तर दोन्ही गोलार्ध जोडणारा पांढरा पट्टा आणि त्याखालची पाण्याची पोकळी. हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, आणि हा भेजा जेवणात वापरू नका, तो दुसरा आणा.